स्वस्त पिस्टन

होटगीहून सोलापूरला रोज दुचाकीने जा-ये करणारे पुष्कळ. त्यांतल्या एखाद्या हौशी तरुणाला वेग अपुरा वाटतो. तो सिलिंडरचे बोअर वाढवून घेतो आणि त्यात निम्म्या किमतीचा मोठा पिस्टन बसवतो. मेकॅनिक मायक्रोमीटर लावतो. माप बिनचूक भरते. मग चार दिवसांत इंजिन जाम का व्हावे?

कारण आपण माप घेतो ते थंड पिस्टनचे. ५० मिलिमीटर व्यासाचा, साध्या ॲल्युमिनियमचा पिस्टन २०० अंशांनी तापला की सुमारे ०.२३ मिलिमीटर फुगतो. १२ टक्के सिलिकॉन मिसळलेला सुमारे ०.२०. फरक अवघा ३ शतांशांचा, पण पिस्टन व सिलिंडर यांमधली फटही बहुधा एवढीच! बिडाचा सिलिंडर तर याच्या निम्माच फुगतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा.

सिलिकॉन किती, हे डोळ्यांना दिसत नाही. काटकसर नेमकी तिथेच झालेली असते. नावाजलेल्या खोक्यावरही आमचा भरवसा नाही. खोके छापणे पिस्टन ओतण्याहून फार सोपे. म्हणून फट किती ठेवायची, याचा कारखान्याचा कागद दुकानदाराकडे मागावा. रिंग सिलिंडरमध्ये उतरवून तिच्या टोकांतले अंतर फिलर गेजने पाहावे. ते फार कमी असेल तर तापल्यावर टोके भिडतात आणि रिंग तुटते. कागद नसेल तर पिस्टन परत करावा.