हायड्रोजन हवा परीक्षानळीपुरताच

५ डिसेंबर २०१८ रोजी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. एक संशोधक दगावला, तिघे जखमी झाले. संशय हायड्रोजनच्या सिलिंडरवर होता.

शाळेत जस्त आणि विरल आम्लापासून आपण हाच वायू बनवतो. हवेत तो ४ ते ७५ टक्के असला, की एक ठिणगी पुरते. म्हणून शिक्षकांना मी तीन गोष्टी सांगतो. वायू एका छोट्या परीक्षानळीतच गोळा करा. ती उपकरणापासून लांब नेऊन मगच पेटती काडी दाखवा. वायुवाहक नळीच्या तोंडाशी ज्योत नेली, तर आतल्या हवेमुळे अख्खी बाटली फुटू शकते. आणि सुरक्षा चष्मा सगळ्यांना हवा, नुसतं बघणाऱ्या मुलांनाही. परीक्षानळीत फट्‌ आवाज होतो. बाटलीत झाला तर काचा उडतात.