पीटमध्ये टिकलेलं लेणं

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूर हा उंच ओसाड माळ पसरला आहे. त्यावर कांस्ययुगातल्या थडग्यांच्या दगडी राशी जागोजागी दिसतात. काहींच्या पोटात ग्रॅनाइटच्या फरशा उभ्या करून केलेली लहानशी पेटी असते. अशा दीडशेहून अधिक पेट्यांची नोंद आहे. पण बहुतेक रिकाम्या. धनाच्या आशेने कित्येक कधीच्याच उकरल्या गेल्या, उरलंसुरलं इथल्या आम्लधर्मी मातीने खाल्लं.

व्हाइटहॉर्स हिलवरची पेटी मात्र पीटच्या उंचवट्यात दडलेली होती, सुमारे 600 मीटर उंचीवर. पीट म्हणजे पाण्यात अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा थर. तो ओला असेल तोवर आत प्राणवायू पोचत नाही आणि कुजवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. पण हा उंचवटा झिजत, सुकत चालला होता. पेटीची एक फरशीही निसटली होती. म्हणून 2011 मध्ये उत्खनन झालं. आतला ऐवज अखंड उचलून प्रयोगशाळेत नेला आणि तिथे थर सावकाश सोडवले.

अस्वलाच्या कातड्यात एका तरुण व्यक्तीच्या दहन केलेल्या अस्थी होत्या, इ.स.पू. 1700 च्या आसपासच्या. शेजारी लिंडन झाडाच्या अंतर्सालीची छोटी करंडी होती. तिची शिवण गाईच्या केसांची, आणि ती अजून शाबूत! नेटल या खाजऱ्या झुडपाच्या धाग्यांचं कापड होतं, त्याच्या कडेला वासराच्या कातड्याचे बारीक त्रिकोण. दोनशेहून जास्त मणी होते, त्यांत अंबरचेही. गाईच्या केसांच्या वेणीचं एक कडं होतं, कथलाच्या तीसेक टिकल्या जडवलेलं.

मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात त्या लाकडी कुड्यांच्या दोन जोड्या. स्पिंडल झाडाचं लाकूड फिरवून, कातून त्या घडवल्या आहेत. ब्रिटनमध्ये कातारीकामाचा याहून जुना पुरावा मिळालेला नाही. संग्रहालयांतलं कांस्ययुग कुऱ्हाडी, खंजीर आणि मडक्यांचं दिसतं, कारण तेवढंच टिकलं. कापड विणणारे, कातडं शिवणारे, लाकूड कातणारे हात त्या चित्रातून गळून गेले होते.

डार्टमूरवर आता जुने चर बुजवून पीट पुन्हा भिजवण्याचं काम चाललं आहे. त्यामागे मुख्य विचार कार्बन आणि पाण्याचा आहे. चर निवडताना पुरातत्त्वज्ञांचा शब्दही तितकाच धरला जायला हवा. पीट एकदा सुकलं की आतलं कापड काही वर्षांतच जातं, आणि मग भिजवूनही परत येत नाही.