गीझर : बिघाडाची पारख आणि जिवाची खबरदारी

हिवाळ्यातील पहाटेच्या स्नानासाठी तांब्याच्या बंबाची जागा आता असंख्य घरांत गीझरने घेतली आहे. बंबातील विस्तव डोळ्यांना दिसत असे. गीझरचे सारे काम मात्र बंद टाकीत चालते. त्यामुळे किरकोळ दोषासाठी पुष्कळदा नवा गीझर आणला जातो, आणि जीवघेणा दोष मात्र ‘थोडा करंट मारतो’ एवढे म्हणून वर्षानुवर्षे चालवून घेतला जातो. कोणते लक्षण कशाचे निदर्शक आहे, कोणते काम घरी करावे आणि कोणते जाणकारावर सोपवावे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

रचना थोडक्यात

टाकीच्या तळाशी थंड पाणी येते, ते वरचे गरम पाणी नळाकडे ढकलते. पाणी तापवते ते एलिमेंट. ठरावीक तापमानाला वीज तोडतो तो थर्मोस्टॅट. तो निकामी झाल्यास वीज तोडण्यासाठी थर्मल कटआउट असतो. टाकीत दाब वाढल्यास तो बाहेर सोडण्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. टाकीला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. टाकीऐवजी ती झिजते.

पाणी तापतच नसेल तर

प्रथम एमसीबी आणि प्लग पाहावा. २,००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवल्यास पिना काळ्या पडतात, प्लग वितळतो. असा प्लग व सॉकेट दोन्ही बदलावेत. सॉकेटमध्ये वीज असूनही गीझरचा दिवा लागत नसेल, तर बहुधा कटआउट पडलेला असतो. दिवा लागतो पण पाणी थंडच राहते, तेव्हा एलिमेंट जळाल्याचा संशय घ्यावा. गीझर सुरू करताच एमसीबी पडत असेल, तर एलिमेंटचे आवरण फुटले असण्याची शक्यता असते. अशा वेळी एमसीबी पुन्हा पुन्हा वर करू नये.

पाणी उशिरा तापत असेल तर

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास २,००० वॅटच्या गीझरला १८ ते २० मिनिटे पुरतात आणि ०.६ युनिटहून थोडी अधिक वीज लागते. आपला गीझर यापेक्षा फार वेळ घेत असेल, तर आधी विजेचा दाब पाहावा. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळत असतील, तर २,००० वॅटचा गीझर जेमतेम १,२०० वॅटचे काम करतो आणि त्याच पाण्याला अर्धा तास लागतो. गावाकडील अनेक घरांत दोष गीझरचा नसून दाबाचा असतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे क्षार. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यामुळे एलिमेंटवर पांढरा कठीण थर साचतो. उष्णता पाण्यात सहज उतरत नाही, एलिमेंट स्वतःच अधिक तापते आणि अखेरीस जळते. टाकीतून खदखदण्याचा आवाज येणे, गरम पाणी पूर्वीपेक्षा लवकर संपणे ही त्याची लक्षणे होत. असे पाणी असल्यास वर्षातून एकदा टाकी रिकामी करून एलिमेंट स्वच्छ करवून घ्यावे आणि मॅग्नेशियमची कांडी तपासावी. थर्मोस्टॅट ५० ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवल्यास क्षारही कमी साचतात. शिवाय ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजते, हे लहान मुलांच्या घरात विसरू नये.

गळती

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे. ते थांबवण्यासाठी व्हॉल्व्हचे तोंड बंद करणे म्हणजे दाबाची एकमेव वाट अडवणे होय. अखंड धार लागल्यास व्हॉल्व्ह बदलावा. जोडणीतून होणारी गळती दुरुस्त होते. टाकीच गंजून फुटली असेल, तर गीझर बदलणे हाच उपाय.

नळाला हात लावताच झिणझिण्या

येथे घरगुती दुरुस्तीची मर्यादा संपते. एलिमेंटमधून वीज पाण्यात आणि टाकीत उतरत आहे आणि अर्थिंग आपले काम करीत नाही, असा याचा अर्थ. गीझर तत्काळ बंद करावा आणि परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतल्याविना वापरू नये. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण अर्थिंगच्या छिद्रामागे तारच नसते, हेही तपासून घ्यावे.

‘एमसीबी आहे, मग भीती कशाची?’ हा समज घातक आहे. एमसीबी तारेचे रक्षण करते. १६ अँपिअरची एमसीबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंत वीज निर्धास्त वाहू देते. माणसाच्या हृदयाची लय बिघडवण्यास ५० ते १०० मिलिअँपिअरही पुरेसे ठरतात. माणसाचे रक्षण करते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. वीज गळू लागताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. चांगले अर्थिंग आणि आरसीसीबी ही दोन्ही प्रत्येक घरात असावीत. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’चे बटण अधूनमधून दाबून ती पडते की नाही, हे पाहावे.

रॉड आणि गॅस गीझर

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे बहुधा गीझर नसतो. बादलीतील रॉड असतो. रॉड पाण्यात बुडवल्यावरच बटण सुरू करावे आणि बटण बंद करून प्लग काढल्यावरच पाण्याला हात लावावा. लोखंडी बादली वापरू नये.

गॅस गीझर पेट घेत नसेल, तर त्याची बॅटरी आणि पाण्याचा दाब पाहावा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली, तर ज्वलन अपुरे होत आहे असे समजावे. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, भोवळ येते आणि दार उघडण्याचेही त्राण उरत नाही. म्हणून गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

प्लग, दाब, क्षार आणि थेंब यांची पारख प्रत्येकाला करता येते. टाकी उघडण्याचे काम मात्र मुख्य स्विच बंद करून जाणकारानेच करावे. स्नानाला जाण्यापूर्वी गीझर बंद करण्याची सवय आपल्या पाल्यांना आतापासून लावावी, ही पालकांना आमची विनंती. आणि जे माजी विद्यार्थी आज वीजक्षेत्रात काम करीत आहेत, त्यांनी आपल्या वस्तीतील घरांचे अर्थिंग एकदा तपासून द्यावे, हे आमचे आवाहन.