‘काळजी घेतो’ म्हणजे किती काळजी?

कुटुंबनियोजनासाठी काय करता, असे डॉक्टरांनी विचारले की अनेक सुशिक्षित जोडप्यांकडून उत्तर येते : ‘आम्ही काळजी घेतो.’ या सोज्ज्वळ शब्दांचा अर्थ बहुधा इतकाच असतो, की वीर्यस्खलनापूर्वी पुरुष बाजूला होतो. हा उपाय फार जुना आहे. त्याला पैसा लागत नाही, दुकानदारापुढे संकोच करावा लागत नाही, घरात काही लपवून ठेवावे लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पारंपरिक उपायांवर विसंबणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते १० टक्क्यांवर गेले. पाळीचे दिवस मोजणे आणि हा उपाय, हे दोन्ही त्यांतच मोडतात.

हा उपाय अगदीच निरर्थक आहे, असे मात्र नाही. कोणतेही साधन न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणांच्या घरी वर्षभरात गर्भधारणा होते. प्रत्येक वेळी बिनचूक पाळल्यास या उपायाने ती संख्या ४ पर्यंत खाली येते. पण माणसे बिनचूक नसतात. प्रत्यक्ष व्यवहारात शंभरांतील सुमारे वीस स्त्रियांना वर्षाच्या आत गर्भ राहतो. निरोधाच्या बाबतीत हाच आकडा सुमारे १३, तर तांबीच्या बाबतीत एकाहूनही कमी आहे.

या अपयशाची कारणे उघड आहेत. ज्या क्षणी विवेक सर्वांत दुबळा असतो, नेमक्या त्याच क्षणी त्याच्यावर सारी भिस्त ठेवावी लागते. शिवाय स्खलनापूर्वी जो द्रव पाझरतो, त्यावर पुरुषाचा ताबा नसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २७ पैकी ११ पुरुषांच्या या द्रवात शुक्रजंतू आढळले. स्त्रीच्या शरीरात ते पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. गुप्तरोग व एचआयव्ही यांपासून तर या उपायाने संरक्षण मिळतच नाही. ते निरोधाने मिळते.

सर्वांत गंभीर बाब निराळीच आहे. संयम पुरुषाने पाळावयाचा आणि तो ढळला तर फळ स्त्रीने भोगावयाचे, अशी ही वाटणी आहे. पाळी चुकल्यावर दिवस मोजत बसते ती स्त्रीच. याच पाहणीत स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण सुमारे ३८ टक्के, तर पुरुषांच्या नसबंदीचे जेमतेम ०.३ टक्के आहे. ‘काळजी’ या शब्दात नेमकी कोणाची काळजी अभिप्रेत आहे, हे त्यावरून ताडता येईल.

चूक झालीच, तर ७२ तासांच्या आत घ्यावयाची गोळी औषधांच्या दुकानात मिळते. ती जितक्या लवकर घ्यावी तितकी अधिक गुणकारी. मात्र तो नित्याचा उपाय नव्हे. शासकीय आरोग्य केंद्रांत निरोध, गोळ्या व तांबी विनामूल्य उपलब्ध आहेत.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून आमरण ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. या विषयावर मोकळेपणाने बोलावे, म्हणून त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले. शंभर वर्षांनंतर साधने गावोगाव पोहोचली आहेत. पतिपत्नींमधील त्याविषयीचा संवाद मात्र अजूनही ‘काळजी घेतो’ या दोन शब्दांवरच थांबतो.