चिमुकल्या माशाचा मेंदू

दुधनेच्या पाण्यात करंगळीएवढे मासे आपण पाहतोच. तसाच चिमुकला, मूळचा आपल्याच देशातला झेब्रा मासा मेंदूच्या अभ्यासास उपयोगी पडला आहे. त्याचे पिलू काचेसारखे पारदर्शक असते. मज्जापेशी कार्य करू लागली की तीत कॅल्शियम शिरते. ते शिरताच चकाकणारे प्रथिन शास्त्रज्ञ पिलांच्या पेशींत उपजतच निर्माण करवितात. मग कागदाहून पातळ प्रकाशपडदा बाजूने सोडून सूक्ष्मदर्शकाने वरून चित्रे घेतात. २०१३ साली अमेरिकेत आरेन्स व केलर ह्यांनी सुमारे १,००,००० पेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक पेशींचे कार्य दर १.३ सेकंदास टिपले. विशिष्ट द्रव्याने पिलांस झटके आणिले असता असंख्य पेशी एकदम चकाकतात. फेफरे ही भूतबाधा नव्हे, पेशींचा क्षोभ होय. सबब रोग्यास मांत्रिकाकडे न नेता डॉक्टरांकडेच न्यावे.