जुना कॅमेरा, नवी शिकवण

एखादें यंत्र कारखान्यांतून बाहेर पडलें, कीं त्याचे गुणदोष कायमचे ठरले, अशी सर्वसाधारण समजूत असते. डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतींत ती खरी नाहीं. फुजिफिल्म कंपनीचा ‘एक्स-टी१’ हा कॅमेरा २०१४ मध्यें विक्रीस आला. जून २०१५ मध्यें कंपनीनें त्याच्यासाठीं नवें फर्मवेअर विनामूल्य दिलें, आणि तोच कॅमेरा हालत्या वस्तूंवर अधिक चपळाईनें ऑटोफोकस साधूं लागला. यंत्रांत एकही नवा भाग बसविलेला नव्हता. मग हें घडलें कसें?

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या स्मृतींत सांठविलेल्या आज्ञांचा संच. चित्र आपोआप स्पष्ट करण्याच्या क्रियेंत तीन अंगें असतात. संवेदकावरील कांहीं बिंदु भिंगाच्या दोन बाजूंनीं येणारा प्रकाश निरनिराळा टिपतात. या दोन प्रतिमा जुळत नसल्या, तर भिंगांतील कांचा कोणत्या दिशेस व किती सरकवाव्या, याचें गणित प्रोसेसर करतो. भिंगांतील चिमुकली मोटर ती आज्ञा पाळते. पहिलें अंग डोळा, दुसरें बुद्धि, तिसरें हात. फर्मवेअर बदलतें, तें मुख्यतः बुद्धीचें वळण. अंधुक प्रकाशांत प्रतिमा क्षीण व गढूळ येतात. त्यांतून अर्थ काढण्याची रीत सुधारल्यामुळें एक्स-टी१ ला या तुलनेसाठीं पूर्वीच्या एकचतुर्थांश प्रकाश पुरेसा होऊं लागला.

तथापि शिकवणीलाही मर्यादा आहेत. त्या कॅमेऱ्यांतील तुलना करणारे बिंदु चित्राच्या मध्यभागींच होते. नव्या आज्ञांनीं ते कडेपर्यंत पसरले नाहींत. जड कांचा ओढणारी मंद मोटरही केवळ आज्ञेनें वेगवान होत नाहीं. शिवाय आधुनिक भिंगालाही बहुधा स्वतःचें फर्मवेअर असतें. कॅमेऱ्याचें नवें आणि भिंगाचें जुनें राहिलें, तर कित्येकदां पुरा लाभ पदरीं पडत नाहीं.

हें काम करतांना बॅटरी पूर्ण भरलेली असावी. मध्येंच वीज खंडित झाल्यास कॅमेरा निकामी होण्याचा धोका असतो. फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी, व नंतर ओळखीच्या प्रकाशांत कांहीं छायाचित्रें काढून फरक पडताळावा.

घरांतील कॅमेरा मुलांच्या धांवपळींत अस्पष्ट चित्रें देऊं लागला, कीं नव्याची चौकशी सुरू होते. तत्पूर्वीं उणीव डोळ्याची आहे, हाताची आहे, कीं केवळ शिकवणीची, हें पाहावें. शिकवणीचीच असेल, तर ती बहुधा फुकट भरून निघते.