सापाची चिप साप शोधून देत नाही

"चिप बसवली आहे ना, मग साप कुठे आहे ते मोबाइलवर दिसेलच." परदेशी साप पाळणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य मोठ्या खात्रीनं येतं. ते खरं नाही. या भरवशावर पेटीच्या झाकणाकडे दुर्लक्ष होतं आणि त्याची किंमत शेवटी सापालाच मोजावी लागते, म्हणून या विषयातले गैरसमज एकदा नीट सोडवून घेतले पाहिजेत.

गैरसमज : चिपमुळे सापाचा ठावठिकाणा कळतो

सापाच्या कातडीखाली बसवतात ती चिप म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी काचेची बंद नळी. लहान सापांसाठी ८ मिलिमीटरचीही मिळते. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे ती स्वतःहून कुठलाही संदेश पाठवू शकत नाही. रीडर जवळ आणला की त्याच्या १३४.२ किलोहर्ट्झच्या लहरींतून तिला क्षणभरापुरती ऊर्जा मिळते, ती आपला पंधरा आकडी क्रमांक सांगते आणि गप्प होते. हातातल्या रीडरला हा क्रमांक फार तर वीतभर अंतरावरून वाचता येतो. म्हणजे चिप वाचायची तर साप आधी हाती लागलेला असावा लागतो.

मग सापाला जीपीएस का बसवत नाहीत? जीपीएसला बॅटरी लागते, अँटेना लागतो आणि वर मोकळं आकाश लागतं. साप बिळात, फटीत, कपाटामागे दडतो. तिथे उपग्रहाचा संकेत धडपणे पोचतच नाही. कुत्र्यासारखा पट्टा त्याच्या गळ्यात टिकणार नाही आणि कातडीवर काही चिकटवलं तर ते कातेबरोबर निघून जाईल.

सापांचा खरोखर माग काढतात तो रेडिओ ट्रान्समीटरनं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, आगुंबेच्या जंगलात, रॉम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये नागराजांवर असा अभ्यास सुरू केला. सापाला भूल देऊन, शस्त्रक्रिया करून ट्रान्समीटर पोटाच्या पोकळीत बसवायचा, जखम भरू द्यायची, साप सोडायचा आणि मग हातात अँटेना धरून पावसापाण्यात, जळवा सोसत त्याच्या मागे चालायचं. फ्लोरिडात तर अशा नर अजगरांचा वाटाड्या म्हणून उपयोग होतो. तिथे परदेशातून आलेल्या बर्मी अजगरांनी एव्हरग्लेड्सचं रान पोखरलं आहे. विणीच्या हंगामात ट्रान्समीटर बसवलेला नर मादीला शोधत जातो आणि त्याच्या मागोमाग संशोधक तिच्यापर्यंत पोचतात. हे काम प्रशिक्षित माणसांचं आणि वन्यजीव संशोधनाचं आहे. घरातला साप हरवू नये एवढ्यासाठी त्याचं पोट उघडणं मला मुळीच पटत नाही.

गैरसमज : पेटीतून निसटलेला साप दूर निघून जातो

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातला एक तरुण इजिप्शियन नाग मार्च २०११मध्ये बेपत्ता झाला. शहरभर चर्चा रंगली, पण जवळपास आठवड्याभरानं तो सापडला तो त्याच सर्पगृहाच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यात. ऑक्टोबर २०२२मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सन मत्स्यालयात याहून बोलकी घटना घडली. नव्यानं आणलेला नागराज छतातल्या दिव्याच्या फटीतून निसटला. जुना दिवा इतका तापायचा की त्याच्या जवळ जायची कुठल्याही सापाची छाती झाली नसती. तो बदलून वीज वाचवणारा थंड दिवा बसवला आणि वाट मोकळी झाली. शोधणाऱ्यांनी क्ष-किरण यंत्रं आणली, बारीक कॅमेरे आत घातले, तेव्हा साप भिंतींमधल्या पोकळीत दिसला. अखेर साधारण आठवड्यानं तो आपल्या पायीच, म्हणजे आपल्या पोटावरच, घरी परतला.

या दोन्ही घटना घरी साप सांभाळणाऱ्याला नेमकं हवं ते शिकवतात. साप उघड्यावर भटकण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी अंगाला टेकेल अशी अरुंद, अंधारी, उबदार जागा शोधतो. म्हणून शोध त्याच खोलीतून सुरू करायचा: फ्रिजच्या मोटरमागे, वॉशिंग मशीनखाली, सोफ्याच्या आत, पुस्तकांच्या मागे. बाथरूमची दारं आणि मोऱ्यांच्या जाळ्या लगेच बंद करायच्या. उंबऱ्याशी पिठाचा पातळ थर पसरला तर रात्री साप कुठून गेला ते सकाळी उमटलेलं दिसतं. उबदार गादीवर एक छोटा खोका ठेवला तर तो तिथे येऊन बसण्याची शक्यता असते. आणि दिवे मालवून रात्री टॉर्च घेऊन बघायचं, कारण बॉल पायथनसारखे पाळीव परदेशी साप रात्रीच हलतात. या सगळ्याच्या आधी येतं ते पेटीचं झाकण. नुसतं वजन ठेवून भागत नाही. साप डोक्यानं रेटून झाकण उचलतो. कडीच हवी, आणि दिवा, वायर, हवेची जाळी यांच्या फटी बोटानं चाचपून पाहिलेल्या हव्यात.

गैरसमज : चिप असली की चोरी होत नाही

चिप चोराला दिसत नाही, म्हणून ती त्याला अडवतही नाही. मात्र साप पुन्हा हाती लागला तर तो कोणाचा हे ती ठामपणे सांगते, गाडीच्या चॅसी नंबरासारखी. बॉल पायथनच्या दुर्मीळ रंगछटांना मोठा भाव मिळतो, त्यामुळे वाद होतात ते मालकीवरून, आणि तिथे चिप उपयोगी पडते. पण एका अटीवर: तो क्रमांक मालकाच्या नावानं एखाद्या नोंदवहीत असला पाहिजे. साप विकला किंवा पत्ता बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर चिप वाचूनही मालक सापडत नाही. सोबत सापाचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो ठेवावेत. बॉल पायथनची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते.

जबाबदारी ठरवण्यासाठीही चिप वापरतात. फ्लोरिडात २००८पासून बर्मी अजगरासारखे साप पाळणाऱ्यांना परवाना आणि चिप सक्तीची झाली. रानात सापडलेला अजगर कोणी सोडला हे कळावं हा हेतू. पुढे हे साप पाळण्यावरच बंदी आली.

गैरसमज : चिप सापाला इजा करते, किंवा कात टाकताना गळून पडते

कात म्हणजे कातडीचा वरचा थर. चिप त्याच्या बरीच खाली असते, त्यामुळे कातेबरोबर ती जात नाही. सापांमध्ये ती सहसा डाव्या अंगाला, नाकाच्या टोकापासून डोक्याच्या दुप्पट लांबीवर, खवल्यांच्या मधून सुई घालून बसवतात. सुई जाड असते हे खरं, म्हणून अगदी लहान पिल्लाला घाई करू नये, आणि सापांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच हे करून घ्यावं. चिप कधी थोडी सरकते. म्हणून रीडर सबंध अंगावरून सावकाश फिरवावा लागतो.

गैरसमज : चिप असली की साप कायदेशीर

महाराष्ट्रातल्या वाचकांनी सर्वांत जास्त लक्षात ठेवावं ते हेच. नाग, धामण, अजगर यांच्यासारखे आपले साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते घरी पाळणं गुन्हा आहे, चिप बसवली तरी. युरोपात भारतीय अजगराची खरेदी-विक्री करायची तर कागदपत्रांसोबत चिप लागते, इथे तो बाळगताच येत नाही. परदेशी सापांपैकी वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजातींची, उदाहरणार्थ बॉल पायथनची, नोंद २०२४च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. हस्तांतरण, जन्म आणि मृत्यूही कळवावे लागतात. तस्करीतून आलेल्या सापाला चिप बसवून त्याचा उगम धुऊन निघत नाही, आणि बँकॉकहून सामानात दडवून आणलेले असे साप मुंबई विमानतळावर वारंवार पकडले गेले आहेत.

परदेशी साप निसटला आणि घरात सापडला नाही, तर शेजाऱ्यांना लगेच सांगा आणि तो बिनविषारी असेल तर तेही सांगा, म्हणजे कोणी काठी उचलणार नाही. आणि कोणी नाग किंवा अजगराचं पिल्लू घरात ठेवलेलं दिसलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.